नांदगावात उभी राहिलेली फुरसुंगी

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आठवतो? फुरसुंगीचा बनेश फेणे, शिकायला पुण्याला आलेला, सायकलवर सुसाट सुटणारा आणि 'ट्टॉक' करणारा. आता मला सांगा, नांदगावात बसून हे वाचणाऱ्या दहा वर्षांच्या पोराने फुरसुंगी कधी पाहिलेली असते? तरीही ती त्याला लख्ख दिसते! शाकंबरीचा काठ, स्टेशनाकडे जाणारा रस्ता, आजोळची ओसरी असं सगळं नांदगावचंच सामान घेऊन त्याने ती गुपचूप उभी केलेली असते.

कागदावर मात्र फक्त काळी शाई असते. मग हे गाव येतं कुठून?

सुरुवात डोळ्यांपासून करू. आपल्याला वाटतं, नजर ओळीवरून अलगद सरकते. प्रत्यक्षात ती उड्या मारते, सेकंदाला साधारण तीन-चार! मधल्या क्षणभराच्या थांब्यात जेवढी अक्षरं स्पष्ट दिसतील तेवढीच टिपते. उडी चालू असताना आपण जवळपास आंधळेच असतो आणि त्याचा आपल्याला पत्ताही नसतो. त्यात आपली देवनागरी आणखी गंमत करते. 'किल्ला' लिहिताना वेलांटी 'क'च्या आधी येते, उच्चारताना मात्र ती 'क'नंतर. मेंदू हा उलटा क्रम बिनबोभाट सुलटा करतो आणि तुम्ही तोवर तटावर चढलेले असता.

पण मेंदूत वाचनासाठी जागा ठेवली कुणी? लिपी जन्मून जेमतेम पाच हजार वर्षं झाली. उत्क्रांतीच्या हिशेबात हा काळ म्हणजे काहीच नाही, एवढ्यात नवा अवयव घडत नसतो. फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ स्टानिस्लास दहान यांचं उत्तर मोठं सुरेख आहे: मेंदू जुनीच जागा नव्या कामाला लावतो. डाव्या बाजूला, मागे खालच्या अंगाला, वस्तू आणि चेहरे ओळखणाऱ्या भागातला एक तुकडा अक्षरांना मिळतो. मराठी वाचणारा असो की चिनी, जागा साधारण तीच!

आणि एकदा मिळालेली ही जागा सहसा परत जात नाही. दुकानाच्या पाटीकडे बघा आणि ती न वाचण्याचा प्रयत्न करा. जमतं? म्हणजे 'माझं वाचन सुटलं' असं म्हणणाऱ्याची अक्षरांची यंत्रणा शाबूत असते. सुटलेली असते ती गोष्टीत टिकून राहायची सवय.

गोष्टीत शिरल्यावर तर खरी कमाल होते. 2009 साली निकोल स्पीयर, जेफ्री झॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्कॅनरमध्ये पडलेल्या लोकांनी सात वर्षांच्या एका मुलाच्या साध्यासुध्या दिवसाचं वर्णन वाचलं. मुलाने हातात काही घेतलं, की वाचणाऱ्यांच्या मेंदूतले हाताने वस्तू पकडण्याशी निगडित भाग अधिक जागे होत. तो एका जागेहून दुसरीकडे गेला, की जागा ओळखण्याशी निगडित भाग! हात जागचा हललेला नाही आणि मेंदू मात्र वस्तू उचलतोय. मग फेणेने पॅडल मारल्यावर आपल्याला धाप लागते, यात नवल ते काय?

पण लहानपणी वाचलेल्या पुस्तकाचा शेवट तर माहीत असतो. मग चाळिशीत तेच पुस्तक पुन्हा वाचायचं कशाला? 2011 साली जोनाथन लेविट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड यांनी वाचकांना काही कथांचा शेवट आधीच सांगून टाकला. वाचकांना त्या कमी आवडायला हव्या होत्या, नाही का? उलट थोड्या जास्तच आवडल्या! पुढे काय होणार ही धाकधूक गेली, की ते कसं होतं हे बघायला मन मोकळं होत असावं.

मग मोठेपणी काय बदलतं? आपला साठा. लेखक घराचा दरवाजा सांगतो, त्याची कडी सांगत नाही. ती वाचणारा स्वतःच्या आठवणीतून लावतो. दहाव्या वर्षी तुम्ही फेणेच्या सायकलवर डबलसीट होता. आता त्याने चोरांच्या मागे सायकल घातली, की 'अरे, घरी सांगून तरी निघालास का?' असं तोंडून निघतं. छापलेलं एक अक्षर बदललेलं नाही आणि गोष्ट मात्र दुसरीच!

करून बघायला फार खटाटोपही नको. 1971 साली सुरू झालेल्या 'किशोर'चे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत. नांदगावहून मनमाडला जाताना गाडीत एखादी गोष्ट सहज होते. पहिल्या दोन पानांना हात सारखा दुसरीकडे वळेल, वळू द्या. तिसऱ्या पानाच्या आसपास मेंदू जुन्या कामाला लागतो.

आणि यातली सगळ्यात भन्नाट गोष्ट आपल्याला लहानपणी कुणी सांगितलीच नव्हती. निम्मं पुस्तक आपणच रचत होतो, आणि सगळं श्रेय मात्र भागवतांना देऊन मोकळे होत होतो!