पुरावा द्यायचा कोणी?

अफजलखानाचा मोड झाल्यावर शिवाजी महाराजांनी आपल्या लोकांचा समाचार कसा घेतला, याचा जो वृत्तान्त कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिलेल्या बखरीत नमूद केला आहे, त्यातील एक तपशील आजच्या पेन्शन-दप्तरातील कोणाही कारकुनास ओळखीचा वाटावा असा आहे. मृतांच्या पुत्रांस चाकरीत घेतले, ज्यांस पुत्र नव्हते त्यांच्या बायकांस निम्मे वेतन चालविले, आणि जखमींस जखम पाहून दर असामी 25, 50, 100, 200 होन दिले. जखमेच्या मानाने मोबदला ठरविण्याची ही दृष्टी भारतीय सैन्याच्या अपंगत्व-पेन्शनच्या नियमांतही दिसते, फक्त तेथे होनांच्या जागी टक्के आले आहेत. परंतु रणांगणावरील जखम सर्वांच्या डोळ्यांसमोर झालेली असते. रक्तदाब, अपस्मार, झिजलेला गुडघा किंवा तोफेच्या आवाजाने मंदावलेले कान यांना असा साक्षीदार नसतो, आणि निवृत्त सैनिकाचे बहुतेक सारे तंटे तेथूनच सुरू होतात.

बालाघाटच्या सैनिकास या तंट्यात भूगोलही प्रतिकूल आहे. भंडारा, मंडला व शिवनी यांचे तुकडे जोडून 1867 साली घडलेला, मध्य प्रांताच्या काळी नागपूर विभागात मोडणारा आणि 1956 च्या प्रांतरचनेत मध्य प्रदेशाकडे राहिलेला हा जिल्हा. त्याच्या लांजी-वारासिवनीकडील गावांतला जवान घरी मराठी किंवा पोवारी बोलतो, जिल्ह्याच्या कचेरीत हिंदीत अर्ज करतो, आणि ज्या वैद्यकीय कागदावर त्याचा हक्क अवलंबून असतो तो कागद असतो इंग्रजीत. त्याचे सेवापुस्तक त्याच्या पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे महार रेजिमेंटचा असेल तर सागरला आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीचा असेल तर बेळगावला. पेन्शन मंजूर करणारे लेखा-कार्यालय प्रयागराजला. आणि सैनिकांचे असे तंटे ऐकणारे न्यायाधिकरण जबलपुरात. चार गावी विखुरलेल्या या दप्तरांत आपले प्रकरण नेमके कोठे अडले आहे, हेच पुष्कळांस वर्षानुवर्षे उमगत नाही.

वस्तुतः कायद्याची अट दोनच वाक्यांत सांगता येते. अपंगत्व किमान 20 टक्के असले पाहिजे, आणि ते सैनिकी सेवेमुळे उद्भवलेले किंवा सेवेमुळे वाढलेले असले पाहिजे. सेवा सोडताना, मग ती मुदत संपल्याने असो वा आजारपणामुळे मुदतीपूर्वी असो, एक मेडिकल बोर्ड बसते आणि या दोन्ही गोष्टींवर आपले मत लिहिते. या बोर्डाच्या कागदात प्रत्येक व्याधीपुढे रकाने आखलेले असतात : सेवेमुळे झाली काय, सेवेमुळे वाढली काय, टक्केवारी किती, आणि शेवटी कारणे. पहिल्या दोन रकान्यांत ‘नाही’ असे लिहून कारणांच्या रकान्यात व्याधी प्रकृतिजन्य आहे एवढाच त्रोटक शेरा मारला की पंधरा-वीस वर्षांच्या नोकरीनंतरचा दावा तेथेच निकालात निघतो. घरी येणारे नामंजुरीचे पत्र हा त्या शेऱ्याचाच प्रतिध्वनी असतो.

येथे जी गोष्ट सैनिकास कोणी सहसा सांगत नाही ती अशी की, पुरावा देण्याचा भार मूलतः त्याच्यावर नाही. अपंगत्व-पेन्शनच्या 1982 च्या नियमांनी स्पष्टच ठरविले की, भरतीच्या वेळी नोंदला गेलेला दोष वगळता इसम भरती झाला तेव्हा निरोगी होता असे धरावे. पुढे व्याधीमुळे त्यास सेवामुक्त करावे लागले तर ती बिघाडी सेवेतच झाली असे मानावे. दावेदाराकडे पुरावा मागू नये. आणि रास्त शंका उरली तर तिचा फायदा त्यालाच द्यावा. व्याधी भरतीच्या तपासणीत कळून येण्याजोगी नव्हती असे बोर्डास म्हणावयाचे असेल, तर त्याने तशी कारणे लिहिली पाहिजेत. धरमवीरसिंग नावाच्या सिग्नल कोअरमधील शिपायाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली नेमके याच नियमावर बोट ठेवले. 1985 साली भरती झालेल्या या शिपायास 1994 मध्ये झटक्यांच्या विकारामुळे घरी पाठविले होते. अपंगत्व 20 टक्के ठरले होते. बोर्डाने विकाराचा सेवेशी संबंध नाही असे लिहिले होते, मात्र का नाही ते लिहिले नव्हते. न्यायालयाने त्याचा हक्क मान्य केला, परंतु घरी आल्यापासून या निवाड्यापर्यंत त्याची एकोणीस वर्षे गेली, आणि नियम तर त्याच्या भरतीपूर्वीच लिहिला गेला होता! नियम उदार करावयाचा व अंमल कृपण ठेवावयाचा, ही आपल्या कारभाराची जुनी खोड आहे.

पैशाचा हिशेब फारसा कठीण नाही. पूर्ण, म्हणजे शंभर टक्के अपंगत्वास अखेरच्या वेतनाच्या 30 टक्के इतका अपंगत्वाचा अंश मिळतो आणि कमी अपंगत्वास त्या प्रमाणात. शिवाय 1996 पासून सवलत अशी की 50 च्या आतील टक्केवारी 50 धरावी, 50 ते 75 ची 75 आणि त्यावरील 100. म्हणजे अखेरचे वेतन चाळीस हजार असलेल्या सुभेदाराचे अपंगत्व 20 टक्के ठरले, तर दरमहा 2,400 च्या जागी 6,000 रुपये सेवेच्या पेन्शनशिवाय निराळे मिळतात. ही सवलत मुदतीपूर्वी घरी पाठविलेल्यांपुरतीच आहे असे सरकार म्हणत असे. ते म्हणणे 2014 च्या रामअवतार खटल्यात टिकले नाही. युद्धात जखमी होऊनही सेवेत राहून पुढे निवृत्त झालेल्यास दर दुप्पट, म्हणजे 60 टक्के. 1965 च्या लढाईत गोळ्या लागून अपंग झालेले आणि 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळविणारे सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांच्या जखमेची जात ही.

रजेवरील अपघाताविषयी गैरसमज फार आहेत. सरकारी खर्चाने रजेवर येता-जातानाचा प्रवास नियमाने कामगिरीतच मोडतो, म्हणून गोंदियाहून बालाघाटकडे येताना गाडीतून पडलेल्या जवानाचा दावा उभा राहू शकतो. तोच जवान घरी पोहोचून चार दिवसांनी आंब्याच्या झाडावरून पडला तर त्या पडण्याचा सेवेशी संबंध दाखविणे दुर्घट होते.

नामंजुरीचे पत्र आल्यावर सहा महिन्यांच्या आत पहिले अपील आणि ते फेटाळले गेल्यास दुसरे अपील करता येते. तेथेही दाद न मिळाल्यास 2007 च्या कायद्याने स्थापन झालेल्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे, अंतिम हुकुमापासून पुन्हा सहा महिन्यांत, अर्ज करावयाचा. अपिलाचा मसुदा लिहिण्यापूर्वी मात्र बोर्डाच्या कागदाची पूर्ण नक्कल आणि भरतीच्या वेळच्या तपासणीची नोंद माहितीच्या अधिकाराखाली मागवून घ्यावी, कारण अपिलात भांडावयाचे ते पत्राशी नसून कारणांच्या त्या रकान्याशी असते. घरी आल्यावर उशिरा प्रकट झालेल्या व्याधीचाही दावा दहा वर्षांपर्यंत करता येतो, परंतु तिचे मूळ सेवेत होते हे वैद्यकशास्त्राने दाखवावे लागते. 21 सप्टेंबर 2023 पासून सेवा सोडणाऱ्यांस नवे नियम लागू झाले आहेत. त्यापूर्वीच्यांचे दावे जुन्याच नियमांनी पाहिले जातात.

उशीर मात्र दोन बाजूंनी नडतो. 2008 च्या नियमांत अशी तरतूद आहे की सेवा सोडून पंधरा वर्षे उलटल्यावर, म्हणजे सेवेचे दस्तऐवज मुदतीनंतर नष्ट झाल्यावर, कोणी दावा केला तर पुराव्याचा भार फिरून त्याच्यावरच येतो. आणि हक्क सिद्ध झाला तरी सारी थकबाकी पदरात पडेलच असे नाही. 1983 साली सेवामुक्त झालेल्या तर्सेमसिंगाने 1999 साली न्यायालयाचा दरवाजा ठोठावला. पेन्शन त्याला मिळाली, पण सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये थकबाकी अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मंजूर केली आणि त्याआधीच्या तेरा वर्षांची रक्कम बुडाली.