काकडीची कोशिंबीर

काकडीची कोशिंबीर : कच्च्या काकडीचे बारीक तुकडे घोटलेल्या दह्यात कालवून व त्यांवर फोडणी देऊन केलेले थंड तोंडीलावणे. महाराष्ट्रात ते रोजच्या जेवणापासून सणावारांच्या पंगतीपर्यंत सर्वत्र आढळते. पानाच्या डाव्या बाजूस मीठ, लिंबू व चटणी यांच्या जोडीने ते वाढतात. साहित्य थोडे आणि विस्तवाचे काम केवळ फोडणीपुरते असूनही ही कोशिंबीर पुष्कळदा पाणचट, कडवट किंवा फार आंबट होते. याचे कारण तिच्या घटकांच्या स्वरूपात आहे. काकडी बहुतांशी पाण्याचीच बनलेली असते आणि दही हे पाणी धरून ठेवणारे प्रथिनांचे नाजूक जाळे असते. या दोन्ही ठिकाणचे पाणी वाढण्याच्या वेळेपर्यंत जागच्या जागी राखणे, हेच कोशिंबीर करण्यातील मुख्य कौशल्य होय.

नावे व प्रकार : मराठी स्वयंपाकात कच्ची भाजी किंवा फळ चिरून व त्यात दही, लिंबू यांसारखे आंबट घालून केलेल्या तोंडीलावण्यास सामान्यतः कोशिंबीर म्हणतात. भाजी भाजून वा उकडून, कुस्करून दह्यात कालवली, तर ते भरीत होय. फेसलेली मोहरी घातलेल्या प्रकारास रायते म्हणतात. या शब्दाचा संबंध राई म्हणजे मोहरी हिच्याशी जोडला जातो. उत्तर भारतात मात्र दह्यातील बहुतेक सर्व प्रकारांना रायता हेच नाव आहे. दक्षिण भारतातील पचडीत दह्याबरोबर वाटलेले ओले खोबरे व मोहरी घालतात. खमंग काकडी या महाराष्ट्रीय प्रकारात दह्याऐवजी लिंबाचा रस असतो व दाण्याचे कूट अधिक घालतात. उपवासाच्या कोशिंबिरीत मोहरी, हिंग व हळद वर्ज्य करून तुपात केवळ जिऱ्याची फोडणी करण्याची रीत आहे.

काकडी व दही यांची जोडी पश्चिम आशियात व बाल्कन प्रदेशातही रूढ आहे. इराणातील मास्त-ओ-खियार (दही व काकडी) या पदार्थात पुदिना, बेदाणे व अक्रोड घालतात. तुर्कस्तानातील प्रकारास जाजिक म्हणतात व त्झात्झिकी हे ग्रीक नाव त्यावरूनच आले आहे. ग्रीक प्रकारात दही चक्क्याप्रमाणे निथळून व काकडी पिळून घेतात. उलट बल्गेरियातील तारातोर हा प्रकार मुद्दाम पाणी घालून सूपासारखा पातळ करतात. म्हणजे काही लोकांनी पाणी काढून टाकले, काहींनी ते पदार्थाचाच भाग मानले. मराठी कोशिंबिरीची रीत या दोहोंच्या मधली आहे.

काकडी : (सं. त्रपुस, हिं. खीरा; लॅ. कुक्युमिस सटायव्हस, कुल-कुकर्बिटेसी). ही वेल मूळची भारतीय उपखंडातील असून तिचा रानटी आप्त हिमालयाच्या पायथ्याशी आढळतो. कोशिंबिरीसाठी कोवळी, टणक व बी न धरलेली काकडी उत्तम. कोकणात व गोव्यात पावसाळ्यात होणारे मोठे तवसे वापरावयाचे झाल्यास त्यातील जून बिया व त्यांभोवतालचा बुळबुळीत गर काढून टाकावा लागतो. धोंडस, तवसोळी यांसारख्या गोड पदार्थांस ते अधिक सोयीचे पडते. लांब, सडपातळ तार काकडी ही वनस्पतिशास्त्रदृष्ट्या खरबुजाच्या जातीची (कु. मेलो) आहे, तथापि तिचीही कोशिंबीर चांगली होते.

काकडीचा कडवटपणा कुकर्बिटासीन या नावाच्या संयुगांमुळे येतो. ही संयुगे देठाकडील भागात व सालीलगत अधिक असतात. पाण्याची टंचाई व कडक ऊन यांमुळे त्यांचे प्रमाण वाढू शकते. देठाकडील चकती कापून ती फळावर घासल्यास कडूपणा उतरतो, असा समज आहे. परंतु सर्वांत कडू असलेला तो भाग कापून टाकला जातो, हाच त्यातील खरा लाभ होय. म्हणून प्रत्येक काकडीच्या देठाकडील तुकडा चाखून मगच ती वापरावी. अतिशय कडू काकडी दह्याने वा साखरेने सुधारत नाही. तीतील संयुगांमुळे पोटात कळा व उलट्या होऊ शकतात, म्हणून ती टाकून देणेच योग्य.

दही : दुधातील शर्करेपासून सूक्ष्मजंतू लॅक्टिक अम्ल तयार करतात. या अम्लामुळे दुधाचे पीएच मूल्य ४·६ च्या जवळ आले, की केसीन हे प्रथिन साकळते व त्याच्या जाळ्यात पाणी अडकून राहते. जाळे मोडले, की निवळी सुटते. यासाठी कोशिंबिरीचे दही ताजे, घट्ट व गोडसर असावे. ते रवीने घुसळू नये. चमच्याने गुठळी मोडेल इतपतच घोटावे.

कृती : चार माणसांसाठी साधारण ३०० ग्रॅ. काकडी, २०० ग्रॅ. दही, २ मोठे चमचे भाजलेल्या शेंगदाण्यांचे जाडसर कूट, एक हिरवी मिरची, अर्धा लहान चमचा साखर, थोडी कोथिंबीर व चवीपुरते मीठ घेतात. फोडणीसाठी २ लहान चमचे तूप वा तेल, मोहरी, जिरे व हिंग लागतात. काकडी धुऊन, सोलून चोचवतात, म्हणजे ती हातात धरून सुरीने तिच्यावर उभ्या-आडव्या बारीक चिरा पाडतात व तो थर कापून घेतात. किसणीवर किसल्यास अधिक कोशिका फुटून रस लगेच वाहू लागतो. चोचवलेले तुकडे बारीक असूनही कुरकुरीत राहतात, म्हणून या जुन्या रीतीस सोयीपलीकडचे महत्त्व आहे. तुकड्यांत साखर, कूट, मिरची व दही घालून कालवतात. मोहरी तडतडल्यावर जिरे व हिंग घालून फोडणी उतरवतात आणि ती कोमट झाल्यावरच दह्यावर ओततात. मीठ अगदी वाढतेवेळी घालून वर कोथिंबीर पसरतात. मिरची व भुईमूग ही दोन्ही मूळची अमेरिका खंडांतील असून ती सोळाव्या शतकानंतर भारतात रुळली. म्हणून कोशिंबिरीचे आजचे रूप त्यापेक्षा जुने असू शकत नाही.

कोशिंबिरीसाठी काचेचे, चिनी मातीचे वा स्टेनलेस पोलादाचे भांडे घ्यावे. कल्हई नसलेल्या पितळी वा तांब्याच्या भांड्यात दही कळकते.

पाणी सुटण्याचे कारण : कापलेल्या काकडीवर मीठ पडले, की कोशिकांबाहेरील द्राव आतील रसापेक्षा संहत होतो व आतील पाणी पातळ पटलातून बाहेर येते. या क्रियेस तर्षण म्हणतात. हे पाणी दह्यात मिसळून ते पातळ होते आणि काकडी लिबलिबीत पडते. साखरेचाही असाच परिणाम होतो, परंतु तिचे प्रमाण अल्प असल्याने तो कमी जाणवतो. यावर दोन उपाय आहेत. पहिला, वर सांगितल्याप्रमाणे मीठ शेवटी घालणे. दुसरा, आधीच मीठ लावून दहा-पंधरा मिनिटांनी काकडी हाताने पिळणे. कोशिंबीर आधी करून ठेवायची असेल, तर दुसरा उपाय उपयोगी पडतो. मात्र पिळलेल्या पाण्याबरोबर क जीवनसत्त्व व पोटॅशियमासारखी खनिजे निघून जातात. म्हणून ते पाणी फेकू नये. थालीपिठाचे वा भाकरीचे पीठ भिजविण्यास ते वापरता येते. त्यात मीठ असल्याने पिठात वेगळे मीठ बेताने घालावे. दाण्याचे कूट थोडे पाणी शोषून घेते, त्यामुळे त्याचा उपयोग केवळ चवीपुरता नाही.

पोषण व थंडावा : काकडीत सुमारे ९६% पाणी असून १०० ग्रॅ. काकडीपासून १३ ते १५ किकॅ. एवढीच ऊर्जा मिळते. गाईच्या दुधाच्या तितक्याच दह्यापासून सुमारे ६० किकॅ. ऊर्जा, ३ ग्रॅ. प्रथिने व १५० मिग्रॅ. कॅल्शियम मिळते. वरील प्रमाणाने केलेल्या कोशिंबिरीतील जवळजवळ निम्मी ऊर्जा मात्र दाण्याचे कूट व तूप यांतूनच येते. दही होताना दुधातील शर्करा काही प्रमाणात कमी होते व दह्यातील सूक्ष्मजंतू उरलेल्या शर्करेच्या पचनास साहाय्य करतात. त्यामुळे दूध न सोसणाऱ्या अनेकांना दही सोसते.

कोशिंबीर थंड असते, या समजुतीचे दोन अर्थ आहेत. आयुर्वेदात त्रपुस शीत व मूत्रल मानले आहे, पण दही मात्र उष्ण गुणाचे सांगितले असून ते रात्री खाण्याचा निषेध केला आहे. व्यवहारातील ‘दही थंड’ ही समजूत याहून वेगळी आहे. आधुनिक शरीरक्रियाविज्ञानानुसार कोशिंबिरीने शरीराचे तापमान फारसे उतरत नाही. गार दह्याचा तोंडाला होणारा स्पर्श, पचनास हलके अन्न आणि त्यातून मिळणारे पाणी यांमुळे उन्हाळ्यात बरे वाटते. शरीर थंड ठेवण्याचे काम घाम करतो व त्यासाठी पाणी लागते. एका वाटी कोशिंबिरीतून मिळणारे पाणी भांडेभर पाण्याहून कमीच असते. म्हणून ती पाणी पिण्यास पर्याय नव्हे आणि उष्माघातावरील उपचार तर मुळीच नव्हे. उष्माघातात रुग्णाचे शरीर त्वरित थंड करून वैद्यकीय मदत मिळविणे आवश्यक असते.

स्वच्छता : कोशिंबीर शिजवली जात नसल्याने काकडीच्या सालीवरील रोगजंतू थेट पोटात जाऊ शकतात. सोलावयाची असली, तरी काकडी आधी वाहत्या पाण्यात चोळून धुवावी, अन्यथा सालीवरील जंतू सुरीबरोबर गरात उतरतात. पुण्याच्या जुन्या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या ‘साल्मोनेला पूना’ या जंतुप्रकाराची मोठी साथ २०१५ मध्ये अमेरिकेत काकड्यांतून पसरली व ९०० हून अधिक लोक आजारी पडले. दह्यातील अम्लामुळे काही जंतूंची वाढ मंदावते, तथापि त्यावर विसंबून राहू नये. समारंभासाठी मोठ्या प्रमाणावर कोशिंबीर करताना चोचवलेली काकडी, दही व फोडणी वेगवेगळी ठेवून लागेल तशी थोडी थोडी कालवावी. कालवलेली कोशिंबीर उन्हाळ्यात एका तासापेक्षा अधिक बाहेर ठेवू नये. असे केल्याने ती पाणचटही होत नाही व बाधतही नाही.