टेम्पेस्टच्या चाकांवरची माती

मेडिकलच्या दुकानातून मी अधूनमधून इंजेक्शनच्या सुया आणतो. पहिल्यांदा मागितल्या तेव्हा दुकानदाराने काळजीने विचारलं होतं, "सर, घरी कोण आजारी आहे?" घरी सगळे बरे होते. मला विमानाच्या तोफा करायच्या होत्या.

विमान म्हणजे हॉकर टेम्पेस्ट, मार्क २. पंखांच्या पुढच्या कडेत चार हिस्पानो तोफा, प्रत्येकीचा व्यास २० मिलिमीटर. १:४८ मापात तो अर्ध्या मिलिमीटरच्याही आत येतो. टेम्पेस्टच्या सुरुवातीच्या विमानांत या तोफांच्या नळ्या पंखाबाहेर डोकावायच्या. पुढे आखूड तोफा आल्या आणि नळ्या पंखाच्या आतच मावल्या. मार्क २ मध्ये त्यामुळे फक्त तोंडं दिसतात. आधी पंखाच्या कडेवर टाचणीने खूण करायची, हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने भोक पाडायचं आणि कापलेल्या सुईचा तुकडा आत सरकवायचा. सुईची कड पंखाच्या कडेशी अगदी सपाट बसली पाहिजे. केसभर बाहेर राहिली तर ते दुसऱ्याच प्रकारचं विमान होतं. चार भोकांना माझी एक अख्खी संध्याकाळ जाते. उरलेल्या सुईची पंखाखालची पिटोट नळी होते. विमानाचा वेग मोजण्यासाठी हवा घेणारी ती नळी प्लास्टिकची केली तर हमखास मोडते.

मी अंबाजोगाईत चित्रकला शिकवतो. लढाऊ विमानांची मॉडेलं करायला लागून वीसेक वर्षं झाली. हा छंद करणारे बहुतेक भारतीय आधी मिग-२१ करतात, मीही तेच केलं. आपल्या नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सने जोडलेलं ते विमान, ७.१५ मीटरचा त्याचा पंखविस्तार १:७२ मापात जेमतेम १० सेंटिमीटरचा होतो. त्याच्या नाकात वजन भरावं लागतं, नाहीतर मॉडेल शेपटीवर बसतं. मी सायकलच्या दुकानातले छर्रे भरले होते. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये मिग-२१ ला हवाईदलाने निरोप दिला, त्या दिवशी वर्गात मुलांनी ते मॉडेल हातोहात फिरवलं.

टेम्पेस्टचं कारण वेगळं आहे, ते माझ्या आजीपाशी जातं. ती १९४८ च्या सप्टेंबरला "इमानाचा महिना" म्हणायची. "घूं घूं आवाज आला की समदी घरात पळायची, अन् म्या मात्र बाहेर यायची," असं सांगताना ती हाताने आभाळ दाखवायची. तेव्हा बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आमच्या अंबाजोगाईचं नाव मोमिनाबाद होतं. इथल्याच शाळेत पूर्वी शिकवलेले स्वामी रामानंद तीर्थ मुक्तिलढ्याचं नेतृत्व करत होते. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. आमच्याकडे याला आजही 'पोलीस ॲक्शन' म्हणतात. त्या कारवाईत हवाईदलाने टेम्पेस्ट वापरली. उमरग्याहून राजेश्वरकडे निघालेल्या तुकडीच्या वाटेवर दबा धरलेल्या ठाण्यांवर १४ सप्टेंबरला त्यांनीच हल्ले केले.

टेम्पेस्टची रचना सिडनी कॅम यांची. पुढे १९७१ मध्ये लोंगेवालाच्या वाळवंटात रणगाडे फोडणारं हंटर विमानही त्यांचंच. ब्रिटिश हवाईदलाकडून भारताला ८९ टेम्पेस्ट मिळाली आणि १९५३ पर्यंत ती वापरात होती. एक दिल्लीत पालमच्या हवाईदल संग्रहालयात उभं आहे. मराठवाड्याच्या आभाळात ज्या विमानाने इतिहास घडवला, ते मराठवाड्यातल्या एकाही मुलाने डोळ्यांनी पाहिलेलं नसावं, याचं मला वाईट वाटतं. म्हणून मी ते करायला घेतलं.

किट चेक प्रजासत्ताकातल्या एडुआर्ड कंपनीचं. खोक्यात प्लास्टिकच्या चौकटी, त्यांना पानाच्या देठासारख्या देठांनी चिकटलेले सुटे भाग. भाग कधीही पिरगाळून तोडायचा नाही. देठ थोडा लांब ठेवून कापायचा, मग उरलेलं टोक पात्याने आणि वॉटर पेपरने काढायचा. ४०० नंबरपासून सुरुवात, मग ८००, शेवटी २०००. हे काम गॅरेजमधल्या पेंटरकडून शिकलो. दोन पत्र्यांच्या सांध्यावर पुट्टी भरून ती डोळे मिटून बोटाने तपासायची, ही त्याचीच शिकवण. डोळ्याला न दिसणारी रेघ बोटाला कळते.

प्लास्टिकचा सोल्युशन गोंद वरून चिकटवत नाही, दोन्ही कडा विरघळवून एक करतो. म्हणून तो ब्रशने फटीच्या तोंडाशी नुसता टेकवायचा, फटीत तो आपोआप ओढला जातो. पण आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेला की हा गोंद फटीत शिरण्याआधीच उडून जातो. बाटलीचं झाकण दोन मिनिटं उघडं राहिलं तरी पातळी उतरलेली दिसते. उन्हाळ्यात मी जोडकाम पहाटे करतो.

टेम्पेस्टचं सगळं रूप त्याच्या नाकात आहे. तिथे ब्रिस्टल सेंटॉरस इंजिन, १८ सिलिंडर, दोन ओळींत वर्तुळाकार बसवलेले. इतर कंपन्यांच्या अशा गोल इंजिनांवर समोर पातळ दांड्यांची जाळी दिसते. मॉडेल करणारे हौसेने तारेच्या दांड्या लावतात. सेंटॉरसला त्या नाहीत, कारण त्याच्या सिलिंडरमध्ये सरकणारी बाही झडपेचं काम करते. हे ठाऊक नसताना मी मोठ्या कष्टाने तांब्याच्या तारेच्या दांड्या कापून ठेवल्या होत्या. इंजिनाची आकृती मिळाली तशा सगळ्या बाजूला सारल्या. या कामातला निम्मा वेळ काय लावायचं नाही हे शोधण्यात जातो, आणि तो वेळ सत्कारणी लागतो असं माझं मत आहे.

कॉकपिटमध्ये खुर्चीचे पट्टे पितळेच्या पातळ पत्र्याचे. ते चिमट्याने वाकवून असे ठेवायचे की कुणी आत्ताच सोडून उठला आहे असं वाटावं. इथे माझ्याकडून चूक झाली. पट्टे झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बसवले आणि तो पुरता सुकण्याआधी वरची पारदर्शक कॅनॉपी लावली. सकाळी पाहिलं तर आतून पांढरी धुकट साय धरलेली. त्या गोंदाची वाफ बंद जागेत काचेवर बसते. कॅनॉपी उचकटून काढली, २००० नंबरच्या कागदाने पाण्यात घासली, मग टूथपेस्ट लावून मऊ फडक्याने चार दिवस चोळली. तेव्हा कुठे आरपार दिसायला लागलं.

रंगकामात गावाचं हवामान हातात हात घालून काम करतं किंवा वैर धरतं. रंग पातळ ताकासारखा हवा. एअरब्रशच्या टोकाचं भोक ०.३ मिलिमीटरचं. उन्हाळ्यात ॲक्रिलिक रंग त्या टोकावरच वाळतो आणि विमानावर खरखरीत भुकटी बसते. त्यात सुकणं लांबवणारं द्रव्य दोन-चार थेंब घालावं लागतं. पावसाळ्यात बालाघाटाच्या माथ्यावर दमट हवा आली की लॅकरचा थर दुधाळ होतो. राहिली धूळ. रंगवण्याआधी मी खोलीत पाण्याचा सडा मारतो आणि अर्धा तास दार लावून बसतो. माझी आई अंगणात जे करायची तेच, फक्त खोलीत. वीज गेली की कॉम्प्रेसर इन्व्हर्टरवर चालत नाही, म्हणून एका पंखाचा रंग एका दमात होईल एवढाच पसारा मांडायचा.

वरून हिरवा आणि करडा असा ब्रिटिश पद्धतीचा छद्मावरणाचा रंग मी निवडला. दोन रंगांची सीमा तलवारीने कापल्यासारखी नको, तिची कड किंचित विरलेली हवी. त्यासाठी चिकट पुट्टीच्या जाड शेवयांसारख्या वळ्या वळून त्या नकाशाप्रमाणे विमानावर मांडायच्या आणि फवारा सरळ वरून मारायचा. वळीचं गोल पोट रंगाला थोडं आत जाऊ देतं, तेवढीच कड मऊ होते.

मग आलं चिन्ह. आज आपण हवाईदलाच्या विमानावर केशरी-पांढरं-हिरवं वर्तुळ पाहतो, ते १९५० पासूनचं. १९४८ च्या सप्टेंबरात अशोकचक्राचं चिन्ह होतं, पांढऱ्यावर निळं. त्या चक्राची डेकल, म्हणजे पाण्यात सोडून चिकटवायची चित्रं, मला विकत मिळाली नाहीत. अनेकांनी सांगितलं, "तिरंगी वर्तुळ लाव, कुणाला कळतंय?" पण तिरंगी वर्तुळ लावलं असतं तर ते आजीच्या महिन्यातलं विमान राहिलं नसतं.

चक्र मी काढलं. २४ आरे, दोन आऱ्यांत १५ अंश. कागदावर ताटाएवढं काढून संगणकावर लहान केलं, नखाएवढं. लग्नपत्रिका छापणाऱ्या ओळखीच्या माणसाने डेकलच्या कागदावर निळ्यात छापून दिलं. छपाई यंत्राला पांढरा रंग नसतो, म्हणून विमानावर आधी पांढरी वर्तुळं फवारली आणि त्यावर चक्र सोडलं. पहिल्या वेळी सुकल्यावर चक्राखाली पांढरे ठिपके उमटले. आमच्या बोअरचं पाणी जड, त्यातला क्षार खाली राहिला. दुसऱ्या वेळी फिल्टरचं कोमट पाणी घेतलं. खालचा थर आधी चकचकीत करून घेतला, म्हणजे हवा अडकत नाही. कापसाच्या बोळ्याने मधून कडेकडे दाबत नेलं. आरे सगळे जागेवर बसले, मोजले, २४.

शेवटी वापराच्या खुणा. इंजिनाच्या धुराचे पट्टे दोन्ही बाजूंना, ते कोरड्या पेस्टलच्या भुकटीने. पत्र्यांच्या रेघांत पातळ काळपट वॉश. आणि चाकांवर माती. मला इथली माती लावायची होती. गावाकडच्या शेतातली काळी माती आणली, खलात कुटली, वस्त्रगाळ केली. वस्त्रगाळ यासाठी की अर्ध्या मिलिमीटरचा एक कण या मापात २४ मिलिमीटरचा दगड होतो. मातीचं बोट चाकाच्या रबरावर फिरवलं. सुंदर दिसलं.

रात्री झोप येईना. लढाई चालू असताना हे विमान निजामाच्या मुलखात उतरणार कुठे? ते वरून आलं आणि वरूनच गेलं. आजीने त्याला आभाळातच ऐकलं होतं. आमच्या शेताची माती त्याच्या चाकांना लागलीच नव्हती. सकाळी उठून ओल्या ब्रशने ती पुसून काढली आणि साधी करडी धूळ दिली, धावपट्टीच्या कडेला असते तशी.

पूर्ण झालेलं विमान पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत २६ सेंटिमीटर भरलं. १७ सप्टेंबरला झेंडावंदनानंतर शाळेच्या कपाटात ठेवलं. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, यावर तिरंगा का नाही?" मग तो तास १९४८ वर गेला. इतक्या महिन्यांच्या कामाचं मोल मला त्या प्रश्नात मिळालं.

हे काम करताना खरी अडचण छायाचित्रांची होती. त्या सप्टेंबरातले फोटो घराघरांत जुन्या पेट्यांच्या तळाशी आहेत. बीड, धाराशिव, जालना, कुठल्याही जिल्ह्यात तुमच्या घरी असा एखादा फोटो असेल, तर त्याच्या मागे मऊ पेन्सिलीने गावाचं नाव आणि तारीख लिहून ठेवा. घरातलं वडीलधारं माणूस हयात असेल तर त्याला विचारून आजच लिहा.