शेवटचं पान

पिंपरीत वाढलेल्या माझ्या पिढीच्या मते रहस्यकथेतला सर्वांत मोठा गुन्हेगार म्हणजे आपल्या आधीचा वाचक. शेवटचं पान फाडणारा! आमच्या कॉलनीजवळच्या एका गाळ्यात सर्क्युलेटिंग लायब्ररी होती. डिपॉझिट, महिन्याची वर्गणी, पुस्तकांना खाकी कव्हर आणि पाठीवर शाईने घातलेला नंबर. फर्स्ट शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसमधून उतरलेली माणसं हातातल्या डब्यासकट थेट तिथे येत आणि एकच प्रश्न विचारत, "सुशिचं काही नवीन?"

सुशि म्हणजे सुहास शिरवळकर. जन्म १५ नोव्हेंबर १९४८, मृत्यू ११ जुलै २००३. आयुष्य जेमतेम चोपन्न वर्षांचं. दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी आणि बॅरिस्टर अमर विश्वास हे त्यांचे चार नायक. प्रत्येकाचा वाचक वेगळा, आणि आपलाच नायक भारी हे सिद्ध करायला आमच्याकडे भांडणंही होत. लायब्ररीवाले काका मात्र कोणाचीच बाजू घेत नसत. धंद्याला ते परवडणारं नव्हतं.

हा वाचक इथे आला कुठून, हेही पाहायला हवं. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पुढे आकुर्डीत बजाज आणि पिंपरीत टेल्को आली, त्यांच्या भोवतीनं सुटे भाग बनवणारी असंख्य वर्कशॉप्स उगवली. सातारा, नगर, मराठवाडा, खानदेशातून पोरं आली आणि कॉट बेसिसवर एका खोलीत पाच-सहा जण राहू लागली. १९८२ मध्ये गावाची महानगरपालिका झाली, तरी संध्याकाळी जायचं कुठे हा प्रश्न सुटला नव्हता. टीव्ही प्रत्येक खोलीत नव्हता. नाईटवरून आलेल्या माणसाला सकाळी झोप येत नसे आणि सेकंडला जाणाऱ्याला दुपारपर्यंत करायला काही नसे. त्या रिकाम्या तासांना दीडशे पानांची कादंबरी बरोब्बर पुरायची. मराठी रहस्यकथेचा पाया बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहून आधीच घालून ठेवला होता. गुरुनाथ नाईकांनीही त्याच वाटेवर हजाराचा टप्पा ओलांडला. पण आमच्या खोल्यांमधली उशाखालची जागा शिरवळकरांची होती.

समीक्षकांनी या सगळ्याला 'लायब्ररी वाङ्मय' म्हणून बाजूला सारलं. मला त्याचा राग येत नाही, कारण त्यातलं बरंचसं खरोखर घाईत लिहिलेलं होतं. राग येतो तो एकदा मारलेला शिक्का पुन्हा न तपासण्याचा. रत्नाकर मतकरींनी गूढकथा लिहिल्या, पण हाताशी रंगभूमी होती, बालनाट्य होतं, म्हणून त्यांच्याकडे लोक अनेक बाजूंनी पाहू शकले. शिरवळकरांना ती सोय नव्हती. त्यांनी सामाजिक कादंबऱ्या लिहिल्या, लघुकथा लिहिल्या, विनोदही केला. 'झूम', 'क्षितिज', 'बंदिस्त', 'कोवळीक' अशी एका शब्दाची, दारावर टकटक केल्यासारखी शीर्षकं दिली. 'कोवळीक'वरून २००१ मध्ये 'देवकी' हा चित्रपट निघाला. तरी नाव घेतलं की पहिल्यांदा 'रहस्यकथाकार' हेच कानी येई.

गंमत अशी, की त्यांच्या उत्तम सामाजिक लेखनातही रहस्यकथाकाराने हात वर केलेले नाहीत. 'दुनियादारी' घ्या. पुण्याच्या एस. पी. कॉलेजचा परिसर, कट्टा, चहा, सिगारेटी, टोपणनावं, एकमेकांना दिलेल्या शिव्या आणि त्या शिव्यांतली माया. सत्तरच्या दशकातला पुण्याचा तरुण कसा बसायचा, कसा बोलायचा, खिशात पैसे नसताना रुबाब कसा राखायचा, याचा इतका तपशील आमच्या हाती दुसऱ्या कुठल्या पुस्तकातून आला नाही. हल्ली वर्तमानपत्रांच्या पुरवण्या 'लाइफस्टाइल' म्हणून जे छापतात, त्यापेक्षा हे लेखन मला कितीतरी खरं वाटतं. त्यात माणसं आहेत, खरेदी नाही.

पण श्रेयस नावाचा तो मुलगा असा का आहे, हे लेखक पहिल्या पानावर सांगत नाही. त्याच्या आईच्या भूतकाळातलं गुपित बारमध्ये बसणाऱ्या एम.के.च्या तोंडून थेंबाथेंबाने झिरपत येतं. खून नाही, पोलीस नाहीत, पण वाचकाला काय ठाऊक असावं आणि काय नसावं, याचा हिशेब मात्र अमर विश्वासच्या उलटतपासणीतलाच. संवाद तोकडे, परिच्छेद तोकडे, आणि प्रकरण नेमकं अशा ठिकाणी संपतं की दिवा मालवता येत नाही. आमच्याकडच्या डिप्लोमा करणाऱ्या पोरांनी त्या पुस्तकातून कट्ट्याची भाषा उचलली आणि चिंचवड स्टेशनबाहेरच्या टपरीवर वापरून पाहिली. थोडी विचित्र वाटायची. पुण्याच्या पोरांना शोभायची तशी नाही शोभायची.

'दुनियादारी'ची आमच्या लायब्ररीतली प्रतही शेवटचं पान नसलेलीच होती. अमर विश्वासच्या बाबतीत हे घडलं असतं तर मी काकांशी भांडलो असतो. इथे मात्र मी ते पान न वाचताच पुस्तक परत केलं आणि पुन्हा नोंदवून घरी आणलं. पुढे २०१३ मध्ये संजय जाधव यांचा चित्रपट आला, तुफान चालला आणि पुस्तकवाले प्रेक्षक त्याच्या वेगळ्या शेवटावरून हिरिरीने वाद घालू लागले. मी गप्प राहिलो. माझ्याकडे वाद घालायला शेवटच नव्हता!

शिरवळकर 'समांतर'मध्ये याच्याही पुढे गेले. कुमार महाजनला कळतं, की आपल्या हातावरच्या रेषा सुदर्शन चक्रपाणी नावाच्या माणसाच्या हातावर आधीच उमटल्या होत्या. त्याने जगून झालेलं आयुष्य आपल्या वाट्याला येणार आहे. म्हणजे शेवटचं पान आहे, पण दुसऱ्याच्या वहीत. आयुष्यभर वाचकापासून शेवट लपवणाऱ्या लेखकाने इथे तो पात्रासमोरच धरला आणि विचारलं, आता वाचशील का? २०२० मध्ये सतीश राजवाडे यांनी यावर वेबमालिका केली, पुढच्या वर्षी दुसरा भाग आला.

तोवर कंपन्या नाशिक रस्त्याने चाकणला सरकल्या होत्या. कांद्याच्या बाजाराचं, संग्रामदुर्गाचं चाकण आता मोटारींचं गाव झालंय. गेल्या वर्षी तिकडून येणाऱ्या बसमध्ये शेजारच्या सीटवर गळ्यात आयकार्ड घातलेला एक पोरगा मोबाइलवर 'समांतर' पाहत होता. भोसरीच्या जाममध्ये बस थांबली, नेट गेलं, चित्र अडकलं. मी म्हटलं, "याचं पुस्तक आहे."

"काका, शेवट सांगू नका हं," तो म्हणाला आणि रेंज शोधायला मोबाइल खिडकीबाहेर धरला.