जुनी सरकारी यंत्रणा एका रात्रीत क्लाउडवर का नेत नाहीत?

एप्रिल २०२०. कोरोनात नोकऱ्या गेलेल्यांचे अर्ज धो धो येऊ लागले आणि अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी आवाहन केलं: कोबोल भाषा येणारे स्वयंसेवक हवेत! बेरोजगार भत्त्याची यंत्रणा ४० वर्षांहून जुन्या मेनफ्रेमवर चालत होती.

मग सगळं उचलून क्लाउडवर का टाकत नाहीत? कारण जुन्या कोडमध्ये कित्येक वर्षांचे नियम आणि अपवाद दडलेले असतात. लिहिणारे केव्हाच निवृत्त झालेले. अक्षरंसुद्धा वेगळी: कॅपिटल 'ए' आयबीएम मेनफ्रेमवर १९३ म्हणून साठतो, आपल्या संगणकात ६५.

एका झटक्यात उडी मारली तर काय होतं? ब्रिटनच्या टीएसबी बँकेने २०१८ मध्ये एका वीकेंडला यंत्रणा बदलली आणि सुमारे १९ लाख ग्राहकांना स्वतःचंच खातं उघडेना.

शहाणी वाट वडासारखी. दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात रुजायचं, हळूहळू त्याची जागा घ्यायची. मार्टिन फाउलर यांनी २००४ मध्ये या पद्धतीला अशाच झाडाचं नाव दिलं, 'स्ट्रँगलर फिग'. मेनफ्रेमपुढे एक दुवा बसवतात. आधी फक्त 'अर्जाची स्थिती' क्लाउडकडे वळते, मग पत्ता बदलणं. अर्जदाराला दिसणारं पान तेच.

भत्त्याचा हिशेब शेवटी. तो काही महिने दोन्हीकडे चालवतात, पैसे मात्र जुन्याच हिशेबाने जातात. एका सेंटचा फरक आला तरी कारण शोधतात. कधी चूक जुन्या कोडचीच निघते! मग खरा नियम कोणता, हे प्रोग्रामरने नाही, खात्याने ठरवायचं.