दान की दाम?

श्रोतेहो, भल्या पहाटे मोरपिसांची उंच टोपी घातलेला वासुदेव दारी येतो. चिपळ्या वाजवतो, गातो आणि सुपातले धान्य झोळीत घेतो. आता मला सांगा, आपण त्याला दिले ते दान की दाम? प्रश्न नुसता शब्दांचा वाटेल. पण त्याच्या पोटाचा आणि कलेचा मेळ बसायचा की नाही, हे त्यावरच ठरते.

नाटकाला आधी तिकीट, मग खेळ. रस्त्यावरच्या कलावंताचे नेमके उलटे. आधी खेळ, मग पैसा. आणि तो किती, हे पाहणारा ठरवणार! डोंबाऱ्याचेच पाहा. ढोलकी वाजवून तो माणसे जमवतो, बारीकसारीक कसरती करतो. पण अवघड खेळ पुष्कळदा मागे ठेवून मध्येच थाळी फिरवतो. का, तर खेळ संपला की घोळका पांगतो. ही लबाडी नव्हे, हा पोटाचा हिशेब आहे. मात्र हिशेब वरचढ झाला की कला मागे पडते. मग थाळीसाठी अचकटविचकट बोलणे येते, पोटच्या लेकराला उंच दोरावर चढवणे येते. गर्दी वाढते, कसब वाढत नाही. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाची जागा शाळेत आहे, हे तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेच सांगितले आहे.

वासुदेवाने यातून मोठी सुरेख वाट काढली. झोळीत दाणे पडले की तो ‘दान पावलं’ म्हणत देवांची नावे घेतो, गिरकी घेतो. म्हणजे पैशाची पावतीसुद्धा सुरातच! देणाऱ्याला उपकार केल्यासारखे वाटत नाही आणि घेणाऱ्याची मान खाली जात नाही.

जुन्या गावगाड्यात गोंधळ्यासारख्यांना अलुतेदार म्हणून सुगीला धान्य मिळे. पण फिरस्त्यांचा भार शेवटी कुणब्यावरच पडतो, अशी तक्रार त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ या ग्रंथात केली. तीही अगदीच खोटी नव्हती. ज्याच्या कणगीत दाणा नाही, तो देणार काय? पुढे १९५९ साली मुंबई राज्याचा भिक्षा प्रतिबंधक कायदा झाला. त्यात गाणे, नाच किंवा खेळ यांच्या निमित्ताने दान मागणे हेही भीक मागण्यातच धरले. हाच कायदा दिल्लीलाही लागू होता. तेथे भीक मागणे गुन्हा ठरवणारी कलमे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली घटनाबाह्य ठरवली.

कायद्याचे काम न्यायालये पाहतील. आपल्या हाती काय आहे ते आपण पाहू. शिक्षकमित्रहो, वासुदेव किंवा बहुरूपी गावात आला, तर त्याला शाळेत बोलवा. बिदागी आधी ठरवा, आणि गावाने थोडी थोडी वर्गणी काढून ती भरावी. एकट्या कुणब्यावर भार नको. थाळीची धास्ती नसली, म्हणजे तो घाईने उरकणार नाही; वडिलांकडून आलेले लांबचे गाणे सावकाश म्हणेल. मुलांनी ते ऐकावे, त्याला प्रश्न विचारावेत. निघताना बिदागी सर्वांसमक्ष त्याच्या हाती द्यावी. मुलांना मग वेगळे सांगावे लागणार नाही की ही भीक नव्हे, ही कष्टाची कमाई आहे.