किटकॅट गेला, अर्थिंग राहून गेलं

यवतमाळ जिल्ह्यात घराच्या वायरिंगची परीक्षा कूलर घेतो. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला की वणीपासून उमरखेडपर्यंत खिडक्याखिडक्यांना पत्र्याचे कूलर लागतात. पत्र्याची पेटी, तळाला पाणी, पाण्यात पंप, खाली ओली फरशी आणि तिच्यावर अनवाणी पोरं. करंट लागायला याहून सोयीची मांडणी कोणी ठरवूनही केली नसती. कूलरला हात लागून कोणी दगावल्याची बातमी विदर्भातल्या वर्तमानपत्रांत उन्हाळाभर येत राहते. महावितरणचं आवाहनही ठरलेलं: पाणी भरण्याआधी प्लग काढा, तीन पिनांचाच प्लग वापरा. इकडे मीटरशेजारची पेटी साठ वर्षांत पार बदलली. मग बातमी का बदलली नाही?

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ २० जून १९६० ला स्थापन झालं. ६ जून २००५ ला त्याचं विभाजन होऊन वितरणाचं काम महावितरणकडे गेलं, तरी गावाकडे अजून ‘एमएसईबीवाले आले’ असंच म्हणतात. मंडळाच्या सुरुवातीच्या काळातला घरचा बोर्ड म्हणजे भिंतीला ठोकलेली लाकडी फळी, आपल्या भागात बहुधा सागाची. तिच्यावर फिरत्या चकतीचा मीटर, लोखंडी मेन स्विच आणि पांढऱ्या चिनी मातीचे किटकॅट. तिथून लाकडी पट्टीवर क्लिपांनी बसवलेली वायर काळ्या गोल बटणांपर्यंत जायची. वायर मागायची ती ‘एक अठरा’, ‘तीन बावीस’, ‘सात वीस’ अशी: आधी तारांची संख्या, मग तारेचा गेज. आज दुकानात १.५ किंवा ४ चौरस मिलिमीटर मागतात, पण जुन्या वायरमनच्या तोंडून ‘सात वीस’ अजून गेलेलं नाही.

किटकॅट कोणालाही कळायचा. खोबणीत एक बारीक तार. भार जास्त झाला की ती वितळते आणि वीज तुटते. ५ अँपिअरसाठी कल्हई केलेली ०.२ मिलिमीटरची तांब्याची तार पुरते. अशी तार नेमलेल्या प्रवाहाच्या जवळजवळ दुप्पट झाल्यावरच वितळते, म्हणजे माप मुळातच ढिलं. तेवढ्यावरही तिनं काम केलं असतं, पण आपण करू दिलं नाही. रात्री फ्यूज उडाला, फ्यूजवायर घरात नाही, मग वायरचे दोन-तीन पदर पिळून लावायचे. तेही उडाले तर आणखी जाड. होता होता असा किटकॅट तयार व्हायचा की फळी जळेल, पण तो उडणार नाही.

त्याहून घातक प्रकार न्यूट्रलवरच्या किटकॅटचा. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी न्यूट्रलवर एकटा फ्यूज किंवा एकटा स्विच ठेवायला मनाई केली होती, तरी अनेक जुन्या फळ्यांवर फेज आणि न्यूट्रल दोन्हींना किटकॅट असायचे. न्यूट्रलचा उडाला की घर अंधारात, पण वायरींमध्ये फेज जिवंत. अंधार झाला म्हणजे वीज गेली, असं समजून स्टुलावर चढणाऱ्याला खरं काय ते होल्डरला हात लागल्यावरच कळायचं.

किटकॅटच्या जागी आपोआप पडणारी एमसीबी आली आणि निदान जाड तार घालायची सोय संपली. कल्पना तशी जुनी. जर्मनीतल्या मानहाइम शहरात ह्यूगो स्टॉट्झ यांच्या कारखान्यात ती १९२४ च्या सुमारास आकाराला आली. आपल्याकडे शहरांतून ती ऐंशी-नव्वदच्या दशकांत दिसू लागली आणि पुढे स्लॅबच्या घरांबरोबर तालुक्याच्या गावांत पोचली. तिच्या आत दोन यंत्रणा असतात. भार थोडा पण सतत जास्त असेल तर दोन धातूंची जोडपट्टी तापून हळूहळू वाकते आणि खटका सोडते. शॉर्टसर्किट झालं तर कॉइलचं चुंबक क्षणात खटका ओढतं. बटणाखाली ‘सी १६’ छापलेलं असतं. १६ अँपिअर ती सतत वाहू देते. ‘सी’ म्हणजे प्रवाह पाच ते दहा पट, ८० ते १६० अँपिअरच्या दरम्यान, गेला की ती तत्क्षणी पडते. दिव्यापंख्यांना ‘बी’ पुरते, ती तीन ते पाच पटीतच पडते. मोटर चालू होताना काही क्षण जास्त प्रवाह ओढते, म्हणून पंप-फ्रिजला ‘सी’ देतात.

हट्टी माणसानं इथंही वाट काढलीच. १६ ची सारखी पडते, मग ३२ ची बसवा! भिंतीतली २.५ चौरस मिलिमीटरची वायर तीच राहते, तापत राहते, आणि एमसीबीला काही खबर नसते. एमसीबीचा आकडा वायरच्या जाडीवरून ठरतो, घरातल्या वस्तूंच्या संख्येवरून नव्हे. ही एवढी गोष्ट किती वायरमन घरमालकाला सांगतात?

दरम्यान घरंही बदलली. १९८८-८९ पासूनच्या कुटीर ज्योती योजनेत गरिबाच्या घरी एक दिवा लागला. सप्टेंबर २०१७ मध्ये जाहीर झालेल्या सौभाग्य योजनेनं उरलेल्या घरांत जोडण्या दिल्या. एका दिव्यासाठी घेतलेल्या जोडणीवर टीव्ही आला, मिक्सर आला, कूलर आला. भारनियमनाच्या वर्षांत इन्व्हर्टर आले, आणि घाईघाईत कुठल्याही लाइनचा न्यूट्रल कुठंही जोडला गेला.

आता मूळ प्रश्नाकडे. २३० व्होल्टच्या कूलरला ओला हात लागला आणि शरीराचा रोध १००० ओहम धरला, तर अंगातून ०.२३ अँपिअर जातील. माणूस मरायला हे भरपूर आहेत. साठ वॅटचा साधा बल्ब जवळपास एवढाच प्रवाह घेतो. १६ अँपिअरच्या एमसीबीच्या लेखी कोणी तरी एक दिवा लावला, बस. एमसीबी वायरसाठी आहे, माणसासाठी नाही.

मग माणसासाठी अर्थिंग, असं आपण म्हणतो. पण कोणतं? घरामागे खड्डा, त्यात कोळसा, मीठ आणि अडीच मीटरचा जस्ताचा मुलामा दिलेला पाइप, ही झाली पुस्तकातली पद्धत. यवतमाळची काळी माती पावसाळ्यात ओल धरते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. नेमका कूलरच्या दिवसांत खड्ड्याचा रोध वाढतो. तो १० ओहम धरला, तर फेज पत्र्याला चिकटल्यावर जमिनीत फार तर २३ अँपिअर उतरतील, म्हणजे १६ च्या एमसीबीच्या जेमतेम १.४४ पट. मानकाप्रमाणे १.४५ पटीला तिनं तासाभरात पडायचं असतं. तेवढा वेळ पत्रा जिवंत राहिला तरी एमसीबी निर्दोषच ठरते. खड्ड्यात पाणी ओतत राहा, हा सल्ला बरोबर आहे. पण मे महिन्यात टँकरची वाट पाहणारं घर त्यात बादली रिती करील, ही अपेक्षा जरा जादाच. कित्येक घरांत तर खड्डाच नाही, आणि कूलरची हिरवी वायर कापून दोन पिनांच्या प्लगमध्ये कोंबलेली असते.

या जागी हवी ती आरसीसीबी. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह ती ताडून पाहते. ३० मिलिअँपिअरची तफावत आली की ०.३ सेकंदाच्या आत वीज तोडते. सुकलेल्या अर्थिंगवरही पडायला तिला अडचण नाही, आणि अर्थिंग असलं तर पत्र्याला हात लागायच्या आधीच ती पडते. फेज आणि न्यूट्रल दोन हातांनी धरले तर मात्र तीही वाचवू शकत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या नियमांनी अशी गळती ओळखणारी यंत्रणा सक्तीची केली, पण ५ किलोवॅटखालची घरं वगळून. दोन खोल्यांच्या घराचा भार एक-दीड किलोवॅट. म्हणजे पत्र्याचा कूलर ज्या घरात, नेमकं तेच घर तेव्हा सुटलं. ज्यांनी हौसेनं बसवली, त्यांची इन्व्हर्टरच्या मिसळलेल्या न्यूट्रलमुळे सारखी पडू लागली आणि ‘कटकट नको’ म्हणून निघाली. दोष वायरिंगचा होता, काढून टाकली आरसीसीबी.

या वर्षी होळीनंतर कूलर माळ्यावरून उतरवाल तेव्हा आधी हिरवी वायर तिसऱ्या पिनेला जोडलेली आहे का ते पाहा. पेटीत आरसीसीबी असेल तर तिच्यावरचं ‘टी’ लिहिलेलं बटण दाबा. पडली नाही तर बदला. नसेलच, तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून ३० मिलिअँपिअरची बसवून घ्या आणि मगच कूलरचा प्लग लावा.